मुलांच्या सोशल मीडियाला वयाची अट : कायदा ऑस्ट्रेलियाचा, प्रश्न आपल्या घरातला



गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते झाले, सह्या-अंगठे झाले की हल्ली एक विषय हमखास निघतो. "पोरगं मोबाईल सोडत नाही गं, काय करावं?" त्यातच "१६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया बंद" ही बातमी व्हॉट्सॲपवर फिरली. हा कायदा आपल्याकडंच आला, असं काही जणींना वाटलं. तसं नाही. तो कायदा ऑस्ट्रेलिया देशाचा आहे. पण त्यात आपण समजून घ्यावं असं बरंच काही आहे.

ऑस्ट्रेलियाने नेमकं काय केलं?

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये हा कायदा मंजूर केला. कंपन्यांना तयारीसाठी एक वर्ष दिलं आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. १६ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलामुलींना सोशल मीडियावर स्वतःचं खातं ठेवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, एक्स, यूट्यूब अशा दहा ठिकाणांपासून सुरुवात झाली. व्हॉट्सॲप त्यात नाही, कारण ते मुख्यतः निरोप देण्याघेण्याचं साधन आहे. यूट्यूबवर खातं न उघडता व्हिडिओ बघता येतात. बंदी खात्यावर आहे.

या कायद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिक्षा मुलाला नाही, आईबापालाही नाही. जबाबदारी कंपनीची. लहान मुलांची खाती रोखण्यासाठी कंपनीने योग्य पावलं उचलली नाहीत, तर तिला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या पैशात तो जवळपास तीनशे कोटी रुपये होतो. पहिल्या महिनाभरातच कंपन्यांनी सुमारे ४७ लाख खाती बंद केली किंवा रोखली, असं तिथल्या सरकारने सांगितलं.

दोष कंपनीला का? कारण या ॲपची बांधणीच माणूस खिळून राहावा अशी असते. आपण जितका वेळ बघू तितक्या जास्त जाहिराती दाखवता येतात आणि त्यावर कंपनीची कमाई असते. एक रील संपायच्या आत दुसरं सुरू होतं. कशावर बोट थांबलं, काय पुन्हा पाहिलं, याची नोंद होते आणि तसंच आणखी समोर येतं. मोठ्या माणसालाही तिथून उठणं जड जातं. मग सातवी-आठवीच्या पोराला एकट्यालाच दोष देऊन कसं चालेल?

वय ओळखतात कसं?

आजवर खातं उघडताना जन्मतारीख टाकली की झालं. मुलाने चार वर्षं वाढवून टाकली तरी विचारणारं कोणी नव्हतं. आता ऑस्ट्रेलियात कंपन्यांना खात्री करावी लागते. कुणी सेल्फीवरून वयाचा अंदाज घेतं, कुणी खात्याच्या वापरावरून, कुणी ओळखपत्र बघून. मात्र "सरकारी ओळखपत्रच द्या" अशी सक्ती कंपनीला करता येत नाही, दुसरा मार्ग द्यावाच लागतो.

हे अगदी पक्कं नाही. पंधरा वर्षांचं मूल थोराड दिसलं तर सुटतं, आणि सतरा वर्षांचं बारीक पोर अडकतं. काही मुलं घरातल्या मोठ्यांच्या खात्यावरून बघतात.

सगळ्यांना हे पटलंय का?

नाही. कायद्याच्या बाजूचे म्हणतात, मुलांची झोप, अभ्यास आणि मन याला धक्का बसतोय, चिडवणं आणि छळ आता घरापर्यंत पोचतोय. शिवाय, "सगळ्यांकडं आहे, मलाच का नाही?" हे भांडण सगळ्यांनाच बंद असलं की आपोआप कमी होतं.

दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफ या संस्थेचं म्हणणं आहे की नुसत्या वयाच्या अटीने मुलं सुरक्षित होत नाहीत, ॲपच सुरक्षित करायला हवीत. दूर, एकट्या वस्तीवर राहणाऱ्या किंवा अपंग असलेल्या मुलांना कधी कधी मोबाईलवरच सोबत मिळते, तीही तुटते. तिथल्या दोन किशोरवयीन मुलांनी तर या कायद्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आहे. डेन्मार्क, मलेशिया अशा देशांनीही वयाची अट आणण्याचं जाहीर केलं आहे. म्हणजे हा विषय आता थांबणारा नाही.

आपल्या देशात काय आहे?

ऑस्ट्रेलियासारखी देशभर लागू असलेली बंदी आपल्याकडं नाही. १३ वर्षांखालच्या मुलांवर बंदी घाला, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा धोरणाचा विषय आहे, त्यासाठी सरकारकडं जा. शेजारच्या गोव्यातही अशा बंदीचा विचार करत असल्याचं सरकारकडून सांगण्यात आलं आहे.

पण आपल्याकडं एक कायदा झालाय, तो आयांना माहीत हवा. त्याचं नाव डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. मुलाची माहिती घेण्याआधी कंपनीला आईची किंवा वडिलांची संमती घ्यावी लागेल, आणि संमती देणारी व्यक्ती खरोखर मोठी आहे याची खात्री करावी लागेल. मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यालाही मनाई आहे. नियम मोडला तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. हा भाग लागू होण्यासाठी नियम जाहीर झाल्यापासून दीड वर्षाची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७.

थोडक्यात, ऑस्ट्रेलिया म्हणतं, "१६ पर्यंत खातंच नको." आपला कायदा म्हणतो, "१८ पर्यंत आईबापाला विचारा." म्हणजे आपल्याकडं दाराची कडी आईबापाच्या हातात दिली आहे.

पण मोबाईल कुणाचा?

इथंच आपली गोष्ट वेगळी होते. ऑस्ट्रेलियात बऱ्याच मुलांकडं स्वतःचा फोन आणि स्वतःचं खातं असतं. आपल्याकडं घरात एक-दोन फोन, तेही सगळ्यांचे मिळून. पोरगं आईच्या फोनवर, आईच्या खात्यावरून रील बघतं. कंपनीच्या लेखी तिथं बारा वर्षांचा मुलगा नसतो, पस्तीस वर्षांची बाई असते. मग बाईला दाखवायचं तेच त्याला दाखवलं जातं. वयाचा कोणताही कायदा आला तरी त्याला हे मूल दिसणारच नाही.

दुसरी गोष्ट ओटीपीची. "बाळा, हा नंबर काय आलाय बघ," असं म्हणून आपण फोन मुलाच्या हातात देतो. उद्या संमतीसाठी विचारणा आईच्या फोनवर आली आणि ती मुलानेच वाचून मुलानेच "हो" केली, तर संमती कुणी दिली? नाव आपलं, निर्णय त्याचा. शिवाय त्याच फोनमध्ये आपलं बँक खातं, यूपीआय आणि गटाचे हिशोबाचे फोटो असतात. म्हणून ओटीपी आणि पिन स्वतः वाचायला, स्वतः टाकायला शिकणं हे आता पैशापुरतं राहिलेलं नाही. मुलाबद्दलचा आपला शब्द आपल्याकडं राहावा, यासाठीही ते लागणार आहे.

बंदी फक्त मुलीवर नको

हे जरा स्पष्ट बोलू. घरात मोबाईलबंदी आली की ती आधी मुलीवर येते. मुलगा रात्री अकरापर्यंत गेम खेळला तरी "पोरगा आहे" म्हणून चालतं. मुलीला कुणी घाणेरडा मेसेज पाठवला, तर फोन तिचाच काढून घेतात, पुढं शाळा बंद, आणि कुठं कुठं तर लगेच स्थळं बघायला सुरुवात. चूक करणारा मोकळा राहतो.

याचा परिणाम काय होतो? पुढच्या वेळी मुलगी सांगतच नाही. एखादा माणूस तिचा फोटो दाखवून धमकावत असेल, तर ती एकटीच सोसत राहते. तिने घरी सांगितलं तर तिचं नुकसान होणार नाही, हे तिला आधीपासून ठाऊक असायला हवं. "काही झालं तरी आधी मला सांग, मी ओरडणार नाही," हे वाक्य कोणत्याही बंदीपेक्षा जास्त राखण करतं. वयाची अट ठेवायची तर मुलाला आणि मुलीला सारखीच ठेवा.

असं काही घडलंच तर घाबरून मेसेज पुसू नका. त्याचे स्क्रीनशॉट ठेवा, समोरच्याचं खातं ब्लॉक करा, पैसे अजिबात पाठवू नका. मुलांच्या मदतीसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२, आणि पैशाची ऑनलाईन फसवणूक झाली असेल तर लगेच १९३०. लहान मुलांचे अश्लील फोटो काढणं, पाठवणं हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. त्या कायद्यात मुलाचं नाव उघड करायला मनाई आहे, त्यामुळे बदनामीच्या भीतीने गप्प बसू नका.

एका गावाने काढलेली वाट

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनात शाळा मोबाईलवर आली, शाळा पुन्हा भरली तरी मुलांच्या हातातला मोबाईल सुटेना. २०२२ मध्ये तिथं बायकांची सभा झाली आणि गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजणार. साडेआठपर्यंत मोबाईल आणि टीव्ही बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. आशाताई, अंगणवाडी ताई, निवृत्त शिक्षक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांनी घरोघरी जाऊन समजावलं. त्यात एक बारीक गोष्ट आहे. तो भोंगा मुलांसाठी होता तसाच मोठ्यांसाठीही होता. आईची मालिका आणि बापाचा मोबाईल चालू असताना मुलाला "अभ्यास कर" म्हटलेलं कोण ऐकतं?

या महिन्यात एवढं करू या

१. आपल्या फोनला आणि पैशाच्या ॲपला स्वतःचा पिन ठेवा. तो मुलांना सांगू नका. ओटीपी स्वतः वाचा. वाचायला अडचण असेल तर गटातल्या सखीकडून शिकून घ्या.

२. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांचा स्वतःचाच नियम १३ वर्षांचा आहे. त्याआधी मुलाचं खातं उघडू नका, कुणी उघडून दिलं असेल तर बंद करा. १३ नंतर उघडलं तर खरी जन्मतारीख टाका. खोट्या तारखेने मुलांसाठी ठेवलेलं संरक्षणही हातचं जातं.

३. लहान मूल तुमच्याच फोनवर व्हिडिओ बघत असेल तर त्याच्यासाठी यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप घ्या.

४. रात्री झोपताना घरातले सगळे फोन एकाच जागी चार्जिंगला लावा. मोठ्यांचेही.

५. शाळेचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा फॉर्म, निकाल यासाठी मुलींना फोन मिळालाच पाहिजे. त्याची वेळ ठरवून द्या.

एका घराने नियम केला की मूल शेजारच्या घरी जाऊन बघतं. वाडीतल्या दहा घरांनी मिळून केला तर ते टिकतं. दहा जणींनी मिळून बचत का टिकते, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते झाले की अर्धा तास या विषयाला द्या. आपल्या वस्तीत मोबाईल बंद ठेवायची वेळ कोणती असावी, हे ठरवा आणि ग्रामसंघाच्या ठरावात घ्या. ग्रामसभेतही मांडा. तुमच्या गटाने काय ठरवलं आणि किती दिवस टिकलं, ते आम्हाला लिहून कळवा. टिकलं नसेल तर का नाही, तेही कळवा. दुसऱ्या गावाला त्याचा उपयोग होईल.