आधाराचा क्रमांक : नाव की किल्ली?

गेल्या पंधरवड्यात सीताबर्डीहून आमच्याकडे भजी आली, ती कोणा अपरिचित गृहस्थाच्या आधारपत्राच्या छायाप्रतीत बांधलेली! जन्मतारीख, पत्ता, बारा आकडे, सर्व स्वच्छ वाचता येत होते. मुले हसली. आम्ही मात्र आमच्या घरच्या नऊ माणसांच्या प्रती कोठकोठे पडून असतील हे मोजीत बसलो. मंगलकार्यालय, धर्मशाळा, सिमकार्डाचे दुकान, हिशेब लागेना.

या क्रमांकाचा आरंभ आपल्याच प्रांतात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी झाला. ज्यांच्यापाशी ओळखीचा कागदच नाही त्यांस सरकारी साहाय्य पोहोचावे, हा हेतू स्तुत्यच होय. पुढे मात्र ज्याने त्याने तो मागावा आणि आपण निमूटपणे द्यावा, अशी रीत पडली.

अमेरिकेत हे पूर्वीच घडले आहे. तेथे निवृत्तिवेतनाच्या हिशेबासाठी १९३६ पासून क्रमांक देऊ लागले. १९३८ साली लॉकपोर्ट येथील एका पाकिटांच्या कारखान्याने नमुना म्हणून कचेरीतील एका बाईंचा खरा क्रमांक पाकिटांत घातला, आणि हजारो गिऱ्हाइकांनी तो आपलाच मानून वापरला!

नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर क्रमांक ही केवळ संज्ञा. तिलाच प्रमाण मानले की घोटाळा झाला. नाव चारचौघांत उच्चारावे, किल्ली कनवटीला असावी. एकच वस्तू दोन्ही कामे कशी करणार?

बरे, अंगठा तरी सुरक्षित म्हणावा, तर २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड-विक्रेत्याने जमिनीच्या दस्तऐवजांवरील ठशांवरून कृत्रिम अंगठे बनविले. क्रमांक त्याच कागदांत आयते होते! क्रमांकाची निगा राखता येईल. चोरीस गेलेला अंगठा कोणी बदलून द्यावा?

बँकखाते व मोबाइल यांस क्रमांक जोडण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केली. आदल्या वर्षी खाजगीपणास मूलभूत हक्क ठरविणाऱ्या नऊ न्यायमूर्तींत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, हे वाचकांस स्मरत असेलच. तरी दुकानदार मागतोच, आणि वाद नको म्हणून आपण देतोच.

आता आमच्या घरी शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत देण्याचे ठरले आहे. सूनबाईंनी सर्वांच्या अंगठ्यांस सरकारी संकेतस्थळावरून कुलूपही घातले. आमचे तेवढे नोव्हेंबरात उघडावे लागेल. हयातीचा दाखला आम्ही अंगठा देऊनच भरतो.