परसातील कोंबड्या : लहान भांडवलाचा, पण हिशेबाचा जोडधंदा

मागावर पोट असलेल्या घरात मिळकत कधीच सारखी नसते. सूत महागले किंवा कापडाला उठाव नसला की माग बंद राहतात. मजुरी थांबते, किराणा मात्र थांबत नाही. कापडाच्या व्यापारामुळे माझा अशा घरांशी रोजचा संबंध येतो. ज्या घराच्या परसात आठ-दहा कोंबड्या आहेत, त्या घरातील बाई मंदीच्या आठवड्यातही मीठ-मिरची आणि मुलांच्या वह्या यांसाठी कोणापुढे हात पसरत नाही, हे मी पाहिले आहे. आणि भरलेले खुराडे आठ दिवसांत रिकामे झालेलेही पाहिले आहे. दोन्हींची कारणे समजून घेतल्याशिवाय या धंद्यात पैसा घालू नये.

जात कोणती घ्यावी?

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. ती चपळ असते, घार-मांजरापासून स्वतःला वाचवते आणि अंड्यांवर बसून पिल्ले काढते. सुधारित जातींत बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन निदेशालयाच्या वनराज व ग्रामप्रिया या जाती परसासाठीच तयार झाल्या आहेत. नीट सांभाळल्यास त्या वर्षाला शंभरावर अंडी देतात. ग्रामप्रिया त्याहून अधिक देते. परंतु या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे पिल्ले काढण्याचे काम गावठी कोंबडीलाच द्यावे लागते. दुसरे असे की त्यांच्या पुढच्या पिढीत मूळ गुण तेवढे उतरत नाहीत. म्हणून दोन-तीन गावठी आणि बाकी सुधारित अशी जोड चांगली.

पिल्ले खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावीत. महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. नवख्याने एक दिवसाची पिल्ले घेण्याऐवजी महिनाभराची, लस दिलेली पिल्ले घ्यावीत. भाव जास्त पडतो, पण मर कमी होते.

एक दिवसाची घेतलीच तर पहिला आठवडा त्यांना सुमारे ३५ अंश उब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करावी. २५ पिल्लांना ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा एक बल्ब पुरतो. आजकालचा एलईडी दिवा उजेड देतो, उब देत नाही. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात : दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, दिव्यापासून लांब पळाली तर उष्णता, सर्वत्र पसरली तर उब बरोबर.

खुराडे

दिवसा कोंबड्या मोकळ्या हिंडतात, खुराडे रात्रीसाठी. एका मोठ्या पक्ष्याला दीड-दोन चौरस फूट जागा धरावी. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच असावे, कारण ओल, साप आणि मुंगूस हे तिन्ही खालूनच येतात. जाळी बारीक छिद्रांची घ्यावी. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरावा आणि ओला झाला की बदलावा. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक अंधारी पेटी ठेवावी.

माग असलेल्या वस्तीसाठी एक खास सूचना. सुताचा गुंता किंवा चिंध्या फुकट मिळतात म्हणून खुराड्यात अंथरू नयेत. धागा कोंबडीच्या बोटांना वेढतो, रक्त थांबते आणि बोट झडते. धागा गिळला तर गळ्याखालच्या पिशवीत त्याचा गोळा होतो, कोंबडी खाते पण अन्न खाली उतरत नाही. मागाच्या खोलीतील केरही परसात टाकू नये.

दाणा-पाणी

मोठी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाते. परसात ती किडे, गवत, उष्टे-खरकटे यांवर बराच भाग भागवते. तरीही संध्याकाळी प्रत्येकी ४० ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा मक्याचा भरडा द्यावा. त्यासाठी ती वेळेवर घरीही परतते. बुरशी आलेला दाणा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, ते विषच आहे. लोणच्यासारखे खारट उष्टेही घालू नये.

अंड्याचे कवच चुन्याचे असते. तो चुना खाद्यातून मिळाला नाही तर कवच पातळ होते. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले एका वाटीत ठेवावीत. पाणी सावलीत आणि भरपूर असावे. खानदेश-विदर्भाच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून एका दुपारीही कोंबड्या दगावतात.

अंडी खाण्यासाठी हवी असतील तर कोंबडा नसला तरी चालते. पिल्ले काढायची असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा ठेवावा. खुडूक कोंबडीखाली आठवड्याच्या आतलीच दहा-बारा अंडी ठेवावीत. २१ व्या दिवशी पिल्ले निघतात.

खरा शत्रू : मानमोडी

मानमोडी म्हणजे राणीखेत. पक्षी धापा टाकतो, हिरवट-पांढरी हगवण लागते, मान वाकडी होते. एकदा लागल्यावर त्यावर औषध नाही. उपाय फक्त आधी दिलेल्या लसीचा.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्याकडे १४ कोंबड्या होत्या. आठवडे बाजारात एक तलंग स्वस्तात मिळाली म्हणून आणली आणि त्याच संध्याकाळी इतरांबरोबर खुराड्यात सोडली. पाचव्या दिवशी तिने मान टाकली. पुढच्या आठ दिवसांत आमच्या ११ कोंबड्या गेल्या. विकणाऱ्याला रोग माहीत होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण लस टोचायचे टाळले होते आम्हीच. नवा पक्षी निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा, हे आम्ही चौदा रुपयांचे काम समजून सोडले आणि चौदा कोंबड्यांनी शिकलो.

लसीचा क्रम असा : पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, १४ व्या दिवशी गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी ही सुई. पुढची सुई पशुवैद्यकीय दवाखाना सांगेल तेव्हा. लस बर्फात आणावी, थंड वेळी द्यावी, कालवल्यावर दोन तासांत संपवावी आणि निरोगी पक्ष्यालाच द्यावी.

अडचण अशी की एका बाटलीत शंभर-दोनशे पक्ष्यांची लस असते आणि आपल्याकडे असतात दहा. म्हणून एकट्याने हे होत नाही. गल्लीतील आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवावा, एक बाटली आणावी, खर्च वाटून घ्यावा. लस कोणी दिली आणि कोणी दिली नाही, हे रोग विचारत नाही. शेजाऱ्याची कोंबडी वाचली तरच आपली वाचते.

कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर लगेच दवाखान्यात कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला. तेव्हा तेथील पक्षी मोठ्या संख्येने नष्ट करावे लागले. मेलेला पक्षी उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नये, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. आणि उरलेल्या आजारी कोंबड्या घाईने बाजारात नेऊ नयेत. कापडातील ऐब गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय थान विकू नये, हा आपल्या धंद्याचा जुना दंडक आहे. फाटके थान एकाच घराचे नुकसान करते, आजारी कोंबडी सगळ्या गावाचे.

हिशेब

दहा कोंबड्या आणि एक कोंबडा धरा. प्रत्येकी शंभर अंडी म्हणजे वर्षाला एक हजार. रोज ४० ग्रॅमने अकरा पक्ष्यांना वर्षाला सुमारे १६० किलो दाणा लागतो. म्हणजे एक किलो दाण्यामागे सहा अंडी. हेच पक्षी कोंडून ठेवले आणि सगळे खाद्य विकत आणले तर लागते सुमारे ४४० किलो. म्हणजे किलोमागे जेमतेम सव्वादोन अंडी. आपल्या गावचा दाण्याचा आणि अंड्याचा भाव यात घालून पाहा. नफा कोंबडीत नाही, तो मोकळ्या परसात आणि घरच्या उष्ट्यात आहे. ज्याच्याकडे हिंडायला जागा नाही, त्याने या फंदात पडू नये. चाळीत किंवा अरुंद गल्लीत शेजाऱ्यांना घाण व वास सोसावा लागेल, तेथेही नको.

एक वही करावी. डावीकडे दाणा, लस आणि मेलेल्या पक्ष्यांची किंमत, उजवीकडे विकलेली अंडी, घरात खाल्लेली अंडी आणि विकलेले कोंबडे. घरात खाल्लेल्या अंड्यांचाही भाव लिहावा, ती फुकट नाहीत. आणि ही वही घरातील ज्या बाईच्या हाती दाण्याचा डबा आहे, तिच्याच हाती असावी. मेहनत तिची, तेव्हा पैसाही तिच्याकडेच राहिला पाहिजे. सहा महिन्यांनी वही पाहिल्यावर कोंबड्या वाढवायच्या की विकायच्या, हे तीच सांगेल.