ग्रामबंधाचे मोजमाप आणि मणिबेली

समुदायाविषयी वाटणाऱ्या आपलेपणाचे विश्लेषण करताना मॅकमिलन आणि चॅव्हिस यांनी १९८६ साली चार घटक सांगितले: सदस्यत्व, परस्परप्रभाव, गरजांची पूर्ती आणि सामायिक भावबंध. यांवर आधारलेल्या प्रश्नावल्यांत एक गोष्ट बहुधा गृहीत असते. ती म्हणजे, गाव जागच्या जागी आहे.

अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे गृहीतक टिकू देत नाही. सरदार सरोवराच्या बुडिताने बाधित झालेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी नर्मदाकाठचे हे पहिले आदिवासी गाव. येथील घरे दाटीने वसलेली नसून डोंगरउतारांवर विखुरलेली आहेत. त्यामुळे निव्वळ शेजारावरून ग्रामबंध जोखता येत नाही. शेतीच्या कामातील परस्परसाहाय्य, देवांची ठिकाणे, होळी आणि सोयरीक यांनी गाव बांधले जाते; आणि सोयरिकीचे धागे तर राज्याच्या सीमेतही मावत नाहीत.

नर्मदा जलविवाद लवादाचा १९७९ चा निवाडा या दृष्टीने लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. पात्र खातेदारास किमान २ हेक्टर जमीन देण्याची तरतूद त्यात आहे. त्या काळाच्या मानाने ती निःसंशय उदार होय. वसाहतीत दर ५० कुटुंबांमागे एक विहीर व झाडाचा एक पार, दर १०० कुटुंबांमागे एक उपासनास्थान, असेही प्रमाण ठरले. पार मोजून देता येतो. त्यावर कोण कोणाजवळ बसणार, हे कोष्टकात येत नाही. सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला गेला, सज्ञान मुलगी नाही. पुनर्वसनाची यादी हाच नमुनानिवडीचा आधार मानणाऱ्या अभ्यासकाच्या हाती, साहजिकच, हेच कुटुंब येते.

मणिबेलीतील काही कुटुंबे गुजरातेत परवेटा येथे गेली, काही मागे राहिली. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. नवे गोरा येथे उभारण्यात आले. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने अर्थसाहाय्य देऊ नये, असे म्हणणाऱ्या १९९४ च्या जाहीरनाम्याने गावाचे नाव जगभर नेले. आता ‘हे गाव आपले वाटते काय?’ या प्रश्नाचा अर्थ दोन्हीकडे एक राहत नाही. मागे राहिलेल्यासाठी होकार ही भूमिका ठरते. गेलेल्यास आधी ‘कोणते गाव?’ असे विचारावे लागते. म्हणून भावनेची तीव्रता मोजण्यापूर्वी पेरणीला कोणाला बोलावले, मुलीची सोयरीक कोठे जुळली आणि होळीला पाय कोणत्या वाटेने वळले, याची नोंद दोन्ही वस्त्यांत घेतली पाहिजे.