आर्वी ते खोडद : इंटरनेट कंपन्या आणि दळणवळणाचे बदलते स्वरूप

प्रस्तावना

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके शिवनेरी, भीमाशंकर आणि नारायणगावचा टोमॅटो यांमुळे सर्वपरिचित आहेत. भारतीय दूरसंचाराच्या इतिहासातील या परिसराचे स्थान मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले आहे. संगणकप्रणाली, दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी ही एकेकाळची स्वतंत्र क्षेत्रे इंटरनेट कंपन्यांमुळे परस्परांत कशी मिसळत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात या परिसराच्या आधारे केला आहे.

आर्वीचे उपग्रह केंद्र

नारायणगावनजीक आर्वी येथे १९७१ साली 'विक्रम' हे उपग्रह भूकेंद्र कार्यान्वित झाले. तत्पूर्वी परदेशी दूरध्वनी प्रामुख्याने लघुलहरींवर अवलंबून असे आणि वातावरणाच्या लहरीप्रमाणे आवाज येई वा विरून जाई. हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहामुळे ही अनिश्चितता संपली. परंतु भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूस पोहोचण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. संभाषणात हा विलंब सहन होतो. संगणकांच्या संवादात तो अडचणीचा ठरतो. म्हणूनच १९९० च्या दशकात समुद्रतळावरील प्रकाशीय तंतूंच्या वाहिन्या आल्या, तेव्हा आंतरराष्ट्रीय दळणवळणाचा मुख्य भार आकाशातून पाण्याखाली गेला.

आर्वीची मालकी ज्या विदेश संचार निगमकडे १९८६ पासून होती, त्याच निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. २००२ साली निगमची आंतरराष्ट्रीय दूरध्वनीवरील मक्तेदारी संपुष्टात आली व त्याच वर्षी तिचे व्यवस्थापन टाटा समूहाकडे गेले. परदेशी दूरध्वनीच्या दरावर उभी असलेली ही मक्तेदारी ज्या सेवेने पुढे निरर्थक ठरवली असती, ती सेवा स्वतः मक्तेदारानेच देशात आणावी, हा इतिहासातील एक गमतीचा योग म्हणावा लागेल.

क्षेत्रांच्या सीमा

पूर्वी तार ज्याची, सेवाही त्याचीच असे. इंटरनेटने हे नाते तोडले. आवाज, चित्र आणि मजकूर यांचे सारखेच पुडके करून ते कोणत्याही तारेवरून वाहता येते. त्यामुळे तारेचा मालक केवळ हमाल उरतो. २०१५ साली व्हॉट्सअ‍ॅपवरून आवाजी संभाषण सुरू झाले, तेव्हा मिनिटागणिक आकारणी करणाऱ्या कंपन्यांना हे तीव्रतेने जाणवले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने संभाषण विनामूल्य ठेवून केवळ डेटाची आकारणी करण्याचे धोरण स्वीकारले. २०२० साली फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी, तर गुगलने ३३,७३७ कोटी रुपये गुंतविले. म्हणजे हमालाच्या पेढीतच सावकार भागीदार झाले!

दूरचित्रवाणीचेही तसेच. २०२२ साली आयपीएलच्या पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला. भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीसाठी २३,५७५ कोटी आणि इंटरनेटवरील प्रक्षेपणासाठी २०,५०० कोटी रुपये अशी बोली लागली. दोन्ही आकडे इतके जवळ येणे, हेच बदलाचे पुरेसे प्रमाण होय.

खोडदची शांतता

या बदलाची वेगळी किंमत खोडद येथे दिसते. डोंगरांचा आडोसा आणि शहरी गोंगाटापासूनचे अंतर लक्षात घेऊन प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली येथे विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, उभारण्यात आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या असून त्यांचे संदेश प्रकाशीय तंतूंनी केंद्राकडे येतात. संदेशांचे एकत्रीकरण प्रारंभी खास बनविलेल्या विद्युत्‌मंडलांद्वारे होई. पुढे ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांवरील प्रणालीकडे आणि अद्ययावत दुर्बिणीत खेळांच्या चित्रांसाठी विकसित झालेल्या ग्राफिक प्रक्रियकांकडेही आले. संगणक उद्योगाने वेधशाळेला दिलेली ही देणगीच होय.

त्याच उद्योगाचा विस्तार मात्र वेधशाळेचे कान बधिर करू पाहतो. अद्ययावत दुर्बिणीचा एक पट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ आहे. दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी राखीव असलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा याच कक्षेत येतो. तो मोबाइल सेवेकडे वळविण्यात आला आणि २०२२ च्या लिलावात जिओने देशभरासाठी त्यातील लहरी घेतल्या. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर पोहोचतात व भिंतींतूनही आत शिरतात. ग्रामीण भागासाठी त्या मोलाच्या ठरतात त्या याच गुणामुळे. दूरच्या आकाशगंगांचे संदेश इतके क्षीण असतात की, चंद्रावर ठेवलेला साधा मोबाइल संचही रेडिओ आकाशातील ठळक स्रोतांपैकी एक ठरेल. एक मनोरा उभा राहिल्याने काय घडत असेल, याची कल्पना यावरून यावी.

येथे वेधशाळेची बाजू घेऊन ग्रामस्थांना दोष देणे अन्यायाचे होईल. भीमाशंकरकडील आदिवासी वाड्यांत डोंगरउतारांमुळे मनोऱ्याचे संदेश अडतात आणि विरळ वस्तीमुळे नवा मनोरा कंपनीस परवडत नाही. रुग्णवाहिका बोलावणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, बाजारभाव पाहणे ही सारी कामे आता याच जाळ्यावर अवलंबून आहेत.

अशा वाड्यांसाठी निम्न कक्षेतील उपग्रहांची इंटरनेट सेवा हा पर्याय पुढे येत आहे. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या या उपग्रहांना आर्वीच्या काळातील विलंब जाचत नाही आणि डोंगराचा अडथळाही फारसा उरत नाही. त्यांची सेवा दुर्बिणीच्या कक्षेबाहेरील उच्च वारंवारतेवर चालते. तथापि, युरोपातील लोफार या दुर्बिणीने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत या उपग्रहांतील विद्युत्‌उपकरणांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ दरम्यान अनपेक्षित उत्सर्जन आढळले. खोडदच्या दुर्बिणीचा सर्वांत खालचा पट्टा सुमारे १२० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. मनोऱ्याची जागा ठरविताना वेधशाळेशी समन्वय साधता येतो, डोंगराचा आडोसाही उपयोगी पडतो; डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहापुढे यांपैकी काहीच कामी येत नाही.