ऊतिसंवर्धित केळीची रोपे : अडचणी व उपाय

कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमावरील उंब्रज (तालुका कऱ्हाड, जिल्हा सातारा) परिसरात ऊस हे प्रमुख बागायती पीक आहे. उसाच्या जोडीस केळी लावू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांनी मुनव्यांऐवजी प्रयोगशाळेत वाढविलेली ऊतिसंवर्धित रोपे निवडणे हितावह होय. मुनव्यांच्या कंदातून सोंडकिडा व सूत्रकृमी शेतात येतात; या रोपांतून ते येत नाहीत. बागही जवळजवळ एकाच वेळी निसवते. परंतु ‘या रोपांना रोग होतच नाही’ ही समजूत चुकीची आहे. रोप निरोगी असते, रोगास दाद न देणारे नसते. हा भेद न जाणल्यास वर्षाची मेहनत वाया जाते.

रोपांचा कोवळेपणा : बाटलीत रोप साखरयुक्त खाद्यावर व दमट हवेत वाढते. त्यामुळे त्याच्या पानांवर मेणाचा थर पुरेसा नसतो व बाहेरच्या हवेत ते लगेच सुकते. म्हणून त्यास आधी हरितगृहात व नंतर छायाजाळीखाली पिशवीत सरावविले जाते. सुमारे एक फूट उंचीची, पाच-सहा निरोगी पाने असलेली रोपेच घ्यावीत. पिशवी फाडताना मुळांभोवतीची माती फुटू देऊ नये. बुंध्याशी पाणी साचू न देता हलके पाणी द्यावे. अन्यथा कंद कुजतो.

विजातीय रोपे : एकाच ऊतीपासून मर्यादेबाहेर रोपे वाढविल्यास काही रोपे मूळ वाणाहून भिन्न निपजतात. बुटकी, अरुंद पानांची किंवा पानांवर पांढरट पट्टे असलेली रोपे रोपवाटिकेतच बाजूस काढावीत. पाच फूट अंतराच्या चौरस लागवडीत एकरी १७४२ रोपे बसतात. शेकडा पाच रोपे बिघडली तरी ८७ झाडे वर्षभर पाणी व खत खाऊन चांगला घड देत नाहीत.

हरण्या रोग : काकडीवरील मोझॅक विषाणूमुळे होणाऱ्या या रोगास जळगावकडील शेतकरी हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पाने आखूड व वेडीवाकडी होतात आणि पुढे पोंगा सडतो. त्यावर औषध नाही. मावा हा विषाणू पसरवितो. यास्तव केळीत किंवा शेजारी काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची लावू नये. तण ठेवू नये. रोगट झाड दिसताच प्रथम माव्यासाठी शिफारशीत औषध फवारावे, नंतर झाड मुळासकट उपटून शेताबाहेर जाळावे अथवा पुरावे. वाढलेले झाड उपटण्यास मन धजत नाही. पण एकाचा लोभ शेकडोंस घातक ठरतो.

केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली अशा रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली. रोपांची मागणी नोंदविण्यापूर्वी विषाणूतपासणीचे प्रमाणपत्र पाहावे व पावती जपून ठेवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लागवडीनंतरचे पहिले तीन महिने दर चार-पाच दिवसांनी शेतकऱ्यासह बागेत फेरी मारावी. बाग वाचते ती याच काळात.