कॉलेजात गेल्यावर सोबत कुणाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की जालन्याच्या एस.टी. स्टँडवर नवे चेहरे दिसायला लागतात. कुणी घनसावंगीचं, कुणी मंठ्याचं, कुणी भोकरदनचं. हातात प्रवेशाची कागदपत्रं, सोबत बाबा नाहीतर मामा. मग जुना जालन्यात एखादी खोली बघायची, मेसचा डबा ठरवायचा, गांधी चमनकडून कॉलेजला जायचा रस्ता पाठ करायचा. संध्याकाळी बाबा परतीच्या गाडीत बसतात आणि मुलगा किंवा मुलगी खोलीवर एकटी उरते.

शाळेत वर्गशिक्षक हजेरी घ्यायचे. गैरहजर राहिलं, की दुसऱ्या दिवशी शेजारची काकूसुद्धा विचारायची, "काय रे, बरं नव्हतं का?" कॉलेजात शंभर मुलांच्या वर्गात एक बाक रिकामा राहिला, तर कुणाच्या लक्षात येणार? पहिल्या चाचणीत कमी गुण पडले, मेसचे पैसे संपले, घरची आठवण आली, तर बोलायचं कुणाशी?

या प्रश्नाला जगभरच्या विद्यार्थ्यांनी एक उत्तर शोधलं. आपणच एकत्र जमायचं! कुठे खेळाचा संघ, कुठे नाटकाचा गट, कुठे विवेकानंदांचं वाचन करणारं मंडळ, कुठे भजनी मंडळ. ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या अशा गटाला आपल्याकडे 'तरुण संघ' किंवा 'विद्यार्थी सहभागिता' म्हणतात. आज या संघांचीच ओळख करून घेऊ. त्यात जालन्याचाही एक धागा आहे, आणि तो फार जुना आहे.

बारा जणांची खोली

लंडनमध्ये १८४४ साली जॉर्ज विल्यम्स नावाचा बावीस वर्षांचा तरुण कापडाच्या दुकानात कामाला होता. खेड्यातून आलेली त्याच्यासारखी कितीतरी पोरं दुकानाच्या माडीवरच राहायची. दिवसभर राबायचं आणि रात्री काय करायचं, हा प्रश्नच! विल्यम्सने सोबत्यांना जमवलं. ६ जून १८४४ रोजी त्या बारा जणांनी एक संघटना काढली. तीच वाय.एम.सी.ए., म्हणजे ख्रिस्ती तरुणांचा संघ. प्रार्थना आणि वाचन यांपासून सुरुवात झाली. पुढे वसतिगृहं आली, रात्रीचे वर्ग आले, व्यायामशाळा आल्या.

आणि हे ठाऊक आहे का? बास्केटबॉल हा खेळ याच संघटनेच्या अमेरिकेतल्या एका प्रशिक्षण शाळेत १८९१ साली जन्मला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या आणि पोरांच्या हाती चेंडू दिला! चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, तिथल्याच दुसऱ्या एका शाखेत विल्यम मॉर्गन याने व्हॉलीबॉल शोधला. तुमच्या शाळेच्या मैदानावर जाळी बांधून खेळता ना, तोच हा खेळ.

त्याच १८९५ साली स्वीडनमध्ये निरनिराळ्या देशांतल्या ख्रिस्ती विद्यार्थी संघटना एकत्र आल्या आणि त्यांचा जागतिक महासंघ झाला. तो उभारण्यात पुढे असलेले जॉन मॉट यांना १९४६ चं शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. भारतात १९१२ साली स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ही विद्यार्थी चळवळ सुरू झाली आणि १९५४ साली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया.

जालन्याचा धागा

आता आपल्या गावाकडे येऊ. जालन्याच्या इतिहासात एक नाव येतं, रेव्हरंड नारायण शेषाद्री. तेही एकेकाळी कॉलेजकुमारच होते. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी काढलेल्या शाळेत ते शिकत होते. तीच संस्था पुढे विल्सन कॉलेज म्हणून नावारूपाला आली. ब्राह्मण घरातला हा हुशार तरुण वाचत गेला, वाद घालत गेला आणि १८४३ साली त्याने बाप्तिस्मा घेतला.

घरात काय झालं असेल, याची कल्पना करा. त्यातून आणखी एक गोष्ट घडली. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. त्याचं वय जेमतेम बारा वर्षं! वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले. मुलगा लहान आहे, त्याने कुठे राहायचं हे वडिलांनी ठरवायचं, असं म्हणून न्यायालयाने श्रीपादला वडिलांच्या ताब्यात दिलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मिशनऱ्यांकडे जेवला म्हणून जातीतले लोक त्याला घरात घ्यायला तयार होईनात. तेव्हा 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावं, म्हणून त्यांनी खटपट केली. त्यावरून मुंबईत केवढं वादळ उठलं! सनातनी मंडळींनी बाळशास्त्रींनाच धारेवर धरलं.

एका बाजूला मिशन, दुसऱ्या बाजूला जात, मध्ये न्यायालय. आणि या सगळ्यांच्या मधोमध बारा वर्षांचं पोर. त्याला स्वतःला काय वाटत होतं, हे शांतपणे ऐकून घ्यायला किती जणांना सवड होती?

नारायणराव मात्र वयाने मोठे होते. त्यांनी आपला रस्ता आपण निवडला होता आणि त्याची किंमतही मोजली होती. पुढे ते निजामाच्या राज्यात, जालन्याला आले. त्या वेळी इथे फौजेची छावणी होती. सालारजंग हैदराबादचे दिवाण असताना सरकारकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ 'बेथेल' नावाचं गाव वसलं. गावकुसाबाहेर राहावं लागणाऱ्या कुटुंबांनी तिथे घरं बांधली. शाळा आली, चर्च आलं. ज्यांना दुसऱ्यांच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्यांना स्वतःचं म्हणता येईल असं गाव मिळालं. नारायणराव १८७३ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेतही बोलून आले. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं.

म्हणजे विद्यार्थिदशेत पडलेला एक प्रश्न कुठवर जाऊन पोचतो, बघा. म्हणूनच कॉलेजमधल्या अशा गटांचं काम हलक्यात घेण्यासारखं नसतं.

संघात चालतं तरी काय?

"तिथे नुसती प्रार्थनाच असते का?" असं पुष्कळ जण विचारतात. प्रार्थना असतेच. पण सभेचा नेहमीचा क्रम पाहिला, तर आणखीही बरंच काही दिसतं.

आठवड्यातून एक संध्याकाळ ठरलेली असते. जागा म्हणजे चर्चची खोली, नाहीतर कुणाच्या तरी घरचा ओटा. सुरुवातीला गाणी. पेटी-तबला असला तर उत्तम, गिटार असली तर ती, काहीच नसलं तर टाळ्या. मग बायबलमधला एक उतारा वाचतात आणि त्यावर चर्चा होते. चांगल्या संघात इथे फक्त पाळकसाहेब बोलत नाहीत, मुलंही बोलतात. "मला हे पटत नाही" असंही कुणी म्हणतं, आणि त्याला कुणी गप्प बसवत नाही.

त्यानंतरचा भाग सगळ्यांना आवडतो. या आठवड्यात काय झालं, ते ज्याने त्याने सांगायचं. कुणाच्या आईचं ऑपरेशन असतं, कुणाचं गणित राहिलेलं असतं, कुणाच्या शेतात पेरणी वाया गेलेली असते. मग मंडळी कामाला लागतात. एकजण जुन्या प्रश्नपत्रिका आणून देतो. दुसरी गणित शिकवायला बसते. तिसरा दवाखान्यात डबा पोचवतो. शेवटी चहा. अशा चहाच्या कपावर कितीतरी मैत्र्या जुळतात.

मराठवाड्यात २०१२-१३ साली भीषण दुष्काळ पडला. जालना जिल्ह्याला त्याची झळ फार बसली. पाऊस गेला, की शहरात शिकणाऱ्या मुलाचा मेसचा डबाही अडचणीत येतो. घरून पैसे येत नाहीत, हे सांगायची लाज वाटते. अशा वेळी ज्याच्यापाशी मोकळेपणाने बोलता येईल, असं एक माणूस जरी असलं, तरी शिक्षण सुटत नाही.

वर्षभराचा कार्यक्रम

संघाचं वर्ष कॉलेजच्या वर्षाबरोबर चालतं. पुढच्या काही महिन्यांत काय काय येतं, त्याचा हा आराखडा. गावोगावी तारखा थोड्या इकडेतिकडे होतात.

जून-जुलै : नव्या मुलांचं स्वागत. खोली शोधायला, प्रवेशाचे अर्ज भरायला मदत.

ऑगस्ट : स्वातंत्र्यदिन, वृक्षारोपण, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची तयारी.

सप्टेंबर : २४ तारखेला राष्ट्रीय सेवा योजनेचा दिन. ही योजना १९६९ साली सुरू झाली. ती सरकारी आहे, कुठल्याही धर्माची नाही. तिच्या सात दिवसांच्या खेड्यातल्या शिबिरात सगळे मिळून खोरं-टोपलं उचलतात. संघातली मुलंही त्यात असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : परीक्षा, दिवाळीची सुटी आणि दोन-तीन दिवसांचं निवासी शिबिर.

डिसेंबर : नाताळ. घरोघरी जाऊन गाणी गायची, रुग्णांना भेटायचं, मित्रांना फराळाला बोलवायचं.

जानेवारी : १२ तारखेला, विवेकानंद जयंतीला, राष्ट्रीय युवा दिन.

फेब्रुवारी : तिसऱ्या रविवारी जागतिक विद्यार्थी प्रार्थना दिन.

मार्च-एप्रिल : उपवासकाळ, ईस्टर आणि वार्षिक परीक्षा. या दिवसांत सभा छोट्या आणि अभ्यास मोठा!

दार दोन्ही बाजूंनी उघडं हवं

श्रीपादची गोष्ट घडली, तेव्हा आपली राज्यघटना नव्हती. आज ती आहे. घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपल्या विवेकाप्रमाणे धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. २८ वं कलम विद्यार्थ्यांच्या फार जवळचं आहे. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला संमतीशिवाय बसवता येत नाही. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल, तर संमती पालकांची लागते. अकरावी-बारावीतले बहुतेक जण याच वयाचे असतात, हे लक्षात ठेवा.

म्हणून कुठल्याही गटात जाताना, तो कुठल्याही धर्माचा असो किंवा पक्षाचा, एक साधी कसोटी लावा. आत यायचं दार उघडं आहे, तसं बाहेर जायचं दारही उघडं आहे का? प्रश्न विचारता येतो का? नाही म्हटलं, तर मैत्री टिकते का? "घरी सांगू नकोस" असं कुणी म्हणालं, तर तिथून सरळ उठा. आमिष दाखवणारा किंवा भीती घालणारा गट तुमचा मित्र नव्हे.

आई-बाबांसाठी

आई-बाबा, मूल एखाद्या मंडळात जायला लागलं, की दोन चुका होतात. एक म्हणजे काहीच न विचारणं, दुसरी म्हणजे एकदम बंदी घालणं. त्यापेक्षा एकदा स्वतः जाऊन बसा. गट कोण चालवतं, सभा किती वाजता सुटते, मुली घरी कशा परततात, वर्गणी घेतात का, शिबिराला कुठे नेतात, हे सरळ विचारा. चांगल्या संघाला अशा प्रश्नांचा राग येत नाही, उलट आनंदच होतो. आणि मूल तुमच्यापेक्षा वेगळं काही बोललं, तर आधी पूर्ण ऐकून घ्या. ऐकून घेणारं घर असलं, की मुलं घरापासून लांब जात नाहीत.

आणि दोस्तांनो, तुम्ही अजून शाळेतच असाल, तरी एक काम आजच करता येईल. यंदा वर्गात बाहेरगावचं कुणी नवीन आलं आहे का, बघा. मधल्या सुटीत त्याच्याजवळ डबा घेऊन बसा. त्याचं गाव कुठलं, ते विचारा. जॉर्ज विल्यम्सनेही माडीवरच्या सोबत्यांना आधी हाकच मारली होती.