वृद्धांची शुश्रूषा

‘शुश्रूषा’ हा शब्द आज आपण सेवा किंवा परिचर्या या अर्थी वापरतो; परंतु संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. जो दुसऱ्याचे मन लावून ऐकतो, त्यालाच त्याची सेवा नीट करता येते, हे जणू या शब्दातच सांगून ठेवलेले आहे. वृद्धांच्या बाबतीत तर हा अर्थ विशेष खरा ठरतो. आजोबा हट्टी झाले आहेत, आजी तेच तेच विचारते, त्यांना कोणतेच जेवण रुचत नाही, अशी गाऱ्हाणी घरोघरी कानी पडतात. त्यांपैकी पुष्कळांचे मूळ स्वभावात नसून वयाबरोबर होणाऱ्या बदलांत असते.

प्रथम शरीराचा विचार करू. साधारणपणे चाळिसाव्या वर्षापासून डोळ्यांतील भिंगाची लवचीकता उणावल्याचे जाणवू लागते व जवळचे अक्षर दिसेनासे होते. या वयात लागणाऱ्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव पडले, ते यामुळेच. पुढे हे भिंग पिवळसर व गढूळ होत जाते. म्हणून वृद्धास तरुणापेक्षा पुष्कळ अधिक उजेड लागतो. अंधारातील उंबरठा किंवा जमिनीवर सांडलेले पाणी त्याच्या ध्यानात येत नाही.

कानांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वार्धक्यात प्रथम ऐकू येईनासे होतात ते उंच पट्टीतील स्वर. मुलांचा आवाज स्वभावतःच उंच असतो. त्यामुळे शेजारच्या गृहस्थांचे बोलणे आजोबांना कळते आणि नातवाचे मात्र कळत नाही. ‘यांना हवे तेवढेच ऐकू येते,’ असा ग्रह नातू करून घेतो आणि ओरडू लागतो. ओरडण्याने आवाज अधिकच चढतो व शब्द अस्पष्ट होतात. त्यापेक्षा समोर बसून, आपले ओठ त्यांना दिसतील अशा रीतीने, सावकाश व खालच्या पट्टीत बोलावे.

रुची आणि गंध यांची जाणीवही मंदावते. म्हणून नेहमीचीच आमटी अळणी लागते. याहून महत्त्वाचे म्हणजे तहान कमी लागते. शरीराला पाण्याची गरज असूनही वृद्ध माणूस पाणी मागत नाही. तेव्हा डॉक्टरांनी मनाई केलेली नसल्यास, त्याने मागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा पेला त्याच्यापुढे करावा.

वयाबरोबर स्नायूंची शक्ती घटते आणि हाडे विरळ व ठिसूळ होतात. स्त्रियांमध्ये हे हाडांचे झिजणे अधिक आढळते. लहान मूल दिवसातून दहा वेळा पडते आणि उठून पळू लागते. परंतु वृद्धाच्या एका पडण्याने खुब्याचे हाड मोडून त्याचे चालणे कायमचे थांबण्याचा संभव असतो. झोपेतून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून त्याला भोवळ येते. यासाठी आधी थोडा वेळ बिछान्यावर बसावे आणि मग उभे राहावे. वाटेतील खेळणी व चपला उचलून ठेवणे, न्हाणीघर कोरडे राखणे, रात्री मंद दिवा तेवत ठेवणे, ही कामे मुलांनाही करता येतील.

मनाच्या बदलांविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. वृद्धपणी नवी गोष्ट शिकण्यास वेळ लागतो आणि नावे चटकन आठवत नाहीत, हे खरे. परंतु जुन्या आठवणी, शब्दसंपत्ती आणि अनुभवाने आलेली समज ही पुष्कळदा शाबूत राहतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९४४ साली समता संघाची स्थापना केली, तेव्हा त्यांनी वयाची ८५ वर्षे पूर्ण केलेली होती. मात्र एखादी व्यक्ती नेहमीचा रस्ता किंवा घरची माणसे विसरू लागली, तर ‘म्हातारपण आहे, चालायचेच’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. स्मृतिभ्रंश हा मेंदूच्या रोगामुळे होतो. तो सर्वच वृद्धांना होत नाही आणि त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो. अशा व्यक्तीशी वाद घालून तिची चूक सिद्ध करण्यात काहीच लाभ नाही. शांतपणे पुन्हा एकदा सांगणे, हाच उत्तम उपाय होय.

शरीर आणि मन यांच्याबरोबर समाजातील स्थानही बदलते. नोकरी संपते. सोबतीची माणसे एकेक करून निघून जातात. मुले पोटापाण्यासाठी दूर राहतात. घरातील माणसेही ‘तुम्ही आता स्वस्थ बसा’ असे प्रेमाने म्हणतात. पण त्यामुळे आपला कोणाला उपयोग नाही, ही भावना वृद्धाच्या मनात घर करते.

या स्वस्थ बसविण्याने शरीराचीही हानी होते, हे एका उदाहरणावरून दिसून येईल. इंग्लंडमध्ये लंडनजवळ वेस्ट मिडलसेक्स नावाचे रुग्णालय आहे. १९३५ साली शेजारच्या निराधारगृहातील सातशेहून अधिक रुग्ण तेथील डॉ. मार्जरी वॉरेन यांच्या देखरेखीखाली आले. त्यांतील पुष्कळ वृद्ध दीर्घकाळ अंथरुणाला खिळून होते आणि ते बरे होतील अशी आशा सोडून देण्यात आली होती. वॉरेनबाईंनी प्रत्येकाची नव्याने तपासणी केली, खोल्यांत उजेड व प्रसन्नता आणली आणि रुग्णांना बसण्यास, उभे राहण्यास व चालण्यास शिकविले. अनेकजण आपल्या पायांनी चालू लागले आणि कित्येक घरी परतले. वय झाले म्हणून ते अंथरुणाला खिळले नव्हते. पडून राहिल्याने त्यांचे स्नायू दुबळे झाले होते.

म्हणून जे काम वृद्धाला स्वतः करता येते, ते त्याच्या हातून काढून घेऊ नये, हा शुश्रूषेचा मोठा नियम होय. शर्टाची गुंडी लावण्यास आजोबांना पाच मिनिटे लागली, तरी ती त्यांनाच लावू द्यावी. ज्याला खरोखरच उठता येत नाही, त्याची काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावी लागते. एकाच कुशीवर पडून राहिल्यास माकडहाड, खुबे व टाचा येथील नाजूक कातडीवर सतत दाब येऊन जखमा होतात. यासाठी परिचारिका साधारणपणे दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलतात आणि त्याची कातडी कोरडी व स्वच्छ ठेवतात. हे करताना त्याला आधी सांगावे, त्याची परवानगी घ्यावी आणि आडपडदा राखावा. शरीर परस्वाधीन झाले, तरी लाज आणि मान ही माणसापाशी शेवटपर्यंत असतात.

वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा भारतात २००७ साली झाला. कायद्याने अन्न व निवारा मिळू शकेल. परंतु शेजारी बसून ऐकणारा कान कोणताही कायदा देऊ शकत नाही. तो घरातील लहानथोरांनीच द्यावयाचा असतो. आजीने तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली आणि नातवंडांनी ती पुन्हा मन लावून ऐकली, तर तीही शुश्रूषाच होय.